चाळीस सेनापतींचं सैन्य

इमारतीच्या सर्वसाधारण सभेत विषय क्रमांक चार, म्हणजे लष्कर उभारण्याचा ठराव, एकमताने संमत झाला. विषय क्रमांक तीन, म्हणजे गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीची गळती, वेळेअभावी पुढच्या सभेवर ढकलण्यात आला.

लष्कराची गरज काही उगाच निर्माण झालेली नव्हती. समोरच्या इमारतीने फोनवरच्या राज्य उभारायच्या एका खेळात आपल्या नावाचा किल्ला बांधला होता, त्यावर झेंडा लावला होता, आणि तिथले एक गृहस्थ फाटकाशी या इमारतीच्या सचिवांना "तुमचं काय मग?" असं विचारून हसले होते. नुसतं विचारलं असतं तर चाललं असतं. हसले, म्हणून सचिवांनी ते इतिवृत्तात घेतलं.

"त्यांची इमारत चार मजली," अध्यक्ष सभेत म्हणाले. "आपली पाच. ज्याचे मजले जास्त त्याचं सैन्य कमी, हे जगात कुठे पाहिलंय?"

असं जगात कुठेच कुणी पाहिलेलं नव्हतं. टाळ्या झाल्या.

खेळाचे नियम सोपे होते. प्रत्येकाने आपापल्या फोनवरून एकाच राज्यात शिरायचं आणि शिरताना भूमिका निवडायची. प्रजा निवडली की हाताखाली पाच माणसं मिळत. त्यांच्याकडून नांगरायचं, लाकडं तोडायची, कुंपण घालायचं, आणि पुढे त्यांतलेच सैनिक करायचे. सेनापती निवडलं की लाल झगा, घोडा आणि हुकूम सोडायचं एक बटण मिळे.

पाचव्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी सेनापती निवडलं. ते पाहून चौथ्या मजल्यावरच्या गायनाच्या बाई म्हणाल्या, "मग मी काय नांगर धरू?" त्यांनीही सेनापती निवडलं. तिसऱ्या मजल्याने दोन्ही मजल्यांकडे पाहिलं आणि आपण काही कुणाच्या ताटाखालची मांजरं नाही, हे दाखवून दिलं. कुणावर अन्याय नको म्हणून शेवटी सचिवांनी तोडगा काढला. इमारतीत बिऱ्हाडं चाळीस, तेव्हा सेनापतीही चाळीस.

"आणि सैन्य?" कुणीतरी मागून विचारलं.

सभागृहात इतकी शांतता पसरली की टाकीतून ठिबकणारं पाणी ऐकू आलं. मग चाळीसही माना हळूहळू दाराकडे वळल्या. तिथे शिलाईवाले मास्तर खुर्च्या आवरायला म्हणून थांबले होते.

मास्तरांची खोली तळमजल्यावर, जिन्याच्या कडेला. दोन मशीनं, एक मोठं टेबल, भिंतीवर टांगलेले कागदी नमुने आणि खिडकीशी काज-बटणं करत बसलेली बायको. तीस वर्षं त्यांनी याच खोलीत अख्ख्या इमारतीच्या विजारी आधी शिवल्या आणि मग सैल केल्या. खोली मात्र इमारतीच्या मालकीची. तिचा करार तीन महिन्यांनी संपत होता, आणि तो वाढवायचा की नाही हे मंडळाच्या हातात होतं.

"मास्तर, फोन आहे ना तुमच्याकडे?" अध्यक्षांनी विचारलं.

"आहे की. गाणी ऐकतो त्यावर."

"झालं तर. तुम्ही प्रजा."

"म्हणजे मला करायचं काय, साहेब?"

सचिवांनी कागद वाचला. "शेतकरी, लाकूडतोड्या, गवंडी, सैनिक व इतर."

"इतर" म्हणजे काय, ते मास्तरांनी विचारलं नाही. उरलेलं सगळं "इतर"मध्येच येतं, हे तीस वर्षांच्या धंद्यात त्यांना पुरतं कळलं होतं. "करार तर आपण करूच, मास्तर," अध्यक्ष जाता जाता त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. "आधी लष्कराचं बघा."

पहिल्या दिवशी मास्तरांनी नवशिक्याने जे करायचं ते सगळं केलं. खेळ सुरू होताच पाचही माणसांच्या हाती भाले दिले. दुपारपर्यंत पाचही जण भाल्याला टेकून भुकेने बसले आणि संध्याकाळी फोनवर एक ओळ आली: "आपले सैन्य उपाशी आहे."

"काय हो, तोंड का उतरलंय?" बायकोने विचारलं.

"अगं, सैन्य केलं आणि शेतच केलं नाही."

"म्हणजे माप न घेताच कापड कापलंत." तिने दातांनी दोरा तोडला. "गिऱ्हाइकाला सांगता ना, आधी माप, मग खडू, मग कात्री? तेच तुमच्या त्या राजाला सांगा."

मास्तरांनी नव्याने सुरुवात केली. आधी शेत, मग विहीर. मग लाकडं आणि कुंपण. जंगलाच्या टोकाला एक माणूस नुसता बघायला बसवला. आठ दिवसांत पाचाची बारा माणसं झाली. कोठारात धान्य साठलं. मशीनवर पाय आणि फोनवर अंगठा अशी दोन्ही राज्यं ते चालवू लागले. त्यांना गंमतही वाटू लागली. शिलाईत चूक झाली की उसवावं लागतं, इथे पीक पुन्हा उगवतं, याचं त्यांना मोठं अप्रूप होतं.

मग हुकूम यायला लागले.

चाळीस सेनापतींकडे दुसरं काही बटणच नव्हतं. सकाळी ऑफिसला निघताना एकाचा हुकूम येई, "जंगल तोडा." पाठोपाठ दुसऱ्याचा, "जंगल तोडू नका, तिथे आमचा तळ आहे." दातांचे डॉक्टर एक दाढ काढून दुसरी दाढ काढेपर्यंतच्या वेळात तीन हुकूम सोडत. गायनाच्या बाईंनी नांगरणारी माणसं तालात चालत नाहीत अशी लेखी तक्रार केली. प्रत्येक हुकुमाला फोन "टिंग" करी आणि प्रत्येक टिंगला मास्तरांचा टाका चुके.

यात शिस्त आणायचं सचिवांनी मनावर घेतलं. ते एका मोठ्या कचेरीतून अधीक्षक म्हणून निवृत्त झाले होते आणि गेली चार वर्षं हाताखाली कुणी नसल्याने अशक्त झाले होते. त्यांनी परिपत्रक काढलं. यापुढे शेतकऱ्याला लढाईवर जायचं असल्यास त्याने शेतीच्या कामातून मोकळं होण्यासाठी अर्ज करावा, आणि ज्यांच्या कामावर परिणाम होणार आहे त्या लाकूडतोड्याची व गवंड्याची "हरकत नाही" अशी सही जोडावी.

"पण साहेब, शेतकरी मीच, लाकूडतोड्याही मीच."

"मग तुम्हाला सोपंच आहे," सचिव म्हणाले. "तरी सही लेखी हवी."

मास्तरांनी शेतकरी म्हणून लाकूडतोड्याला अर्ज लिहिला. लाकूडतोड्या म्हणून त्यावर "विचाराधीन" असा शेरा मारला, कारण त्या दिवशी लाकडं खरोखरच कमी होती.

पुढचा घाव धंद्यावरच पडला. खेळातला लाल झगा फोनबाहेर दिसत नाही, ही गोष्ट सेनापतींच्या मनाला लागून राहिली होती. जिन्यात समोरासमोर आलं तरी कोण सेनापती आहे हे कळायला मार्ग नव्हता. म्हणजे कळत होतं, सगळेच होते. पण दिसायला हवं. ठराव झाला: चाळीस गणवेश, खांद्यावर तारा, छातीवर दुहेरी शिवण, आतून अस्तर. शिवणार अर्थातच सैन्य.

मापं द्यायला सेनापती एकेक करून खोलीत आले. टेप छातीला लागला की प्रत्येकाने श्वास आत घेतला आणि टेप सुटेपर्यंत सोडला नाही.

"साहेब, एवढी छाती धरली तर बसल्यावर बटण तुटेल," मास्तर दातांच्या डॉक्टरांना म्हणाले.

"सेनापती बसत नसतो," डॉक्टर गुदमरलेल्या आवाजात म्हणाले.

त्याच आठवड्यात कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या सिस्टर तिसऱ्यांदा येऊन गेल्या. त्यांचे दोन पांढरे गणवेश महिन्याभरापासून कापून पडले होते. "मास्तर, पुढच्या महिन्यापासून नव्या विभागात ड्यूटी आहे हो माझी. जुना गणवेश काखेत फाटलाय. हात वर केला तर पेशंट माझ्याकडेच बघतो." मास्तरांनी मान खाली घातली. तीस वर्षांत त्यांनी गिऱ्हाइकाला एकदाही तारीख चुकवली नव्हती.

इकडे लष्कराची प्रगती डोळ्यांत भरण्यासारखी होती. खेळात "लष्करी सामर्थ्य" असा एक आकडा दिसे. सैनिकामागे एक गुण आणि सेनापतीमागे शंभर. बारा सैनिक आणि चाळीस सेनापती मिळून इमारतीचं सामर्थ्य चार हजार बारा झालं, आणि अध्यक्षांनी तो आकडा चौकट करून फाटकावर लावला. कोठारातलं धान्य मात्र रोज उतरत होतं, कारण एक सेनापती दहा सैनिकांइतकं खाई आणि घोडा वेगळा.

मास्तरांनी धीर करून मासिक सभेत तोंड उघडलं. "साहेब, माझं एक ऐका. यातल्या दहाच जणांनी नांगर धरला, तर कोठार भरेल. मग खरं सैन्य वाढवता येईल. खेळच सांगतो तसं."

सभागृहात कुजबुज झाली. दहा कोण? प्रत्येकाने शेजाऱ्याकडे आशेने पाहिलं.

"सूचना विचार करण्यासारखी आहे," अध्यक्ष म्हणाले आणि विचार करण्यासाठी सात जणांची धान्य समिती नेमली. समितीला दर्जा हवा म्हणून सातही जणांना खेळात दुसरा घोडा देण्यात आला. तोही खायला लागला.

हल्ला एका मंगळवारी सकाळी अकरा वाजता झाला. मास्तर सिस्टरांच्या गणवेशाची बाही लावत होते. फोन थरथरला: समोरच्या इमारतीचं सैन्य खेळातल्या किल्ल्याच्या फाटकावर आलंय.

फाटक बंद करायला सेनापतीचा हुकूम लागे. मास्तरांनी चाळीस जणांना निरोप धाडले. अध्यक्ष बैठकीत होते. डॉक्टरांनी उत्तर दिलं, "पेशंटचं तोंड उघडं आहे, मागाहून बोलतो." सचिवांनी तत्परतेने कळवलं की चौदा सेनापती हजर झाल्याशिवाय हुकूम वैध होत नाही, आणि तो शेतकऱ्याचा अर्ज लाकूडतोड्याकडे अजून विचाराधीन आहे.

"जाऊ दे तिकडे," मास्तर स्वतःशीच म्हणाले, आणि कुणाचीही हरकत न विचारता बारा माणसं फाटकात उभी केली. समोर शत्रूचे अकरा उभे होते. त्यांच्या मागे टेकडीवर अडतीस लाल झगे घोड्यांवर बसून बघत होते.

पडद्यावर शत्रूचा निरोप उमटला: "शरण या."

मास्तरांनी टाइप केलं: "पाच मिनिटं थांबा. बॉबिनचा दोरा संपलाय."

पलीकडून आलं, "मास्तर का हो तुम्ही?"

"हो. आपण कोण?"

"मी इस्त्रीवाली. लवकर बोला, इस्त्री तापलीय."

समोरच्या इमारतीच्या जिन्याखाली इस्त्रीचं टेबल लावणाऱ्या ताईंना मास्तर वीस वर्षं ओळखत होते. शिवलेले कपडे ते त्यांच्याकडेच इस्त्रीला देत. मास्तर खिडकीशी गेले. रस्त्यापलीकडे ताई एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात इस्त्री धरून उभ्या होत्या.

"ताई, तुम्ही एकट्याच?" मास्तरांनी खिडकीतूनच विचारलं.

"एकटी कसली! अडतीस सेनापती आहेत की माझ्यावर. जिन्याखालची जागा राहू देतो म्हणाले, म्हणून शेती करतेय. काल एकाचा शर्ट जाळला हो यांच्या हुकुमापायी."

"मग आता लढायचं का?"

"मला बावीस शर्ट आणि आठ चादरी आहेत."

"मला बाही लावायचीय."

दोन्ही सैन्यं आल्या वाटेने परत गेली. युद्धाला एकूण सात मिनिटं लागली आणि जीवितहानी शून्य.

संध्याकाळी दोन्ही इमारतींनी विजय साजरा केला. शत्रू फाटकावरून पळाला, असं इकडे ठरलं. शत्रू फाटकाबाहेर यायला धजला नाही, असं तिकडे. मास्तरांच्या इमारतीत चाळीस गणवेश प्रथमच एकत्र घातले गेले. अध्यक्षांचं भाषण होईपर्यंत अकरा बटणं तुटली, आणि भाषणाच्या शेवटच्या वाक्यात "सैन्य व इतर" यांचेही आभार मानण्यात आले. विजयाबद्दल सर्व सेनापतींना महासेनापती करण्यात आलं. त्यासाठी खांद्यावर आणखी एक तारा लागणार होता, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी चाळीसही गणवेश मास्तरांच्या टेबलावर परत येऊन पडले. महासेनापती दुप्पट खातो, ही माहिती खेळाने त्यानंतर दिली.

मास्तरांनी ढिगातला वरचा गणवेश उचलून खांद्याची शिवण पाहिली.

"उसवू का मी?" बायकोने विचारलं.

"कपडे नको," मास्तर म्हणाले. "हेच सगळं उसवायला हवं."

ते उठले आणि चप्पल घालून रस्ता ओलांडून गेले. तिकडच्या सेनापतींनाही महासेनापती केलं होतं, आणि त्यांचे अडतीस शर्ट कडक इस्त्रीसाठी ताईंच्या टेबलावर पडले होते. दोघांनी उभ्या उभ्या फोन उघडले. खेळाच्या नकाशावर नदीपलीकडे एक रिकामं खोरं होतं, नवशिक्यांसाठी राखलेलं. मास्तरांची बारा आणि ताईंची अकरा, अशी तेवीस माणसं आपापलं बियाणं घेऊन निघाली. कोठारात जे उरलं होतं ते त्यांनी सेनापतींसाठी तसंच ठेवलं. दोन दिवस पुरलं असतं.

दीड दिवस पुरलं. मग दोन्ही किल्ल्यांतले घोडे आडवे झाले आणि लाल झगे आडव्या घोड्यांवर बसून हुकूम सोडू लागले. हुकूम ऐकायला कुणीच नव्हतं, तरी मास्तरांच्या इमारतीचा सामर्थ्याचा आकडा चार हजार होता.

गुरुवारी मास्तरांना नोटीस आली: शत्रूशी संगनमत करून सैन्य पळवल्याबद्दल सात दिवसांत खुलासा द्यावा, अन्यथा खोलीचा करार वाढवला जाणार नाही. त्याच दिवशी त्याच मजकुराची नोटीस जिन्याखाली ताईंनाही मिळाली. दोन्ही नोटिसांत "संगनमत" हा शब्द सारखाच चुकीचा लिहिला होता.

मास्तरांनी नोटीस दोनदा वाचली. तीस वर्षांची खोली. भिंतीवरचे नमुने काढले तर खाली रंग कुठला आहे, हेही त्यांना आठवत नव्हतं. "मी खुलासा लिहितो," ते म्हणाले. "माफी मागतो. सांगतो, परत येतो म्हणून."

बायकोने सुई उशीला टोचली. "कुणाकडे परत जाता? तिथे तुमच्यावाचून आहे कोण?" मग म्हणाली, "सिस्टर सांगत होत्या, दवाखान्याशेजारची खोली रिकामी आहे. दोघांना पुरेल. शिलाई आतल्या अंगाला, इस्त्री दाराशी. मी विचारून ठेवलंय."

"कधी विचारलंस?"

"तुम्ही जंगल तोडत होतात तेव्हा."

सोमवारी सिस्टर नव्या गणवेशात ड्यूटीवर गेल्या आणि मंगळवारी हातगाडीवरून दोन मशीनं, एक टेबल आणि एक इस्त्री कोपऱ्यावर गेली. चाळीस गणवेश मास्तरांनी घड्या घालून अध्यक्षांच्या दारात ठेवले. तारे चिठ्ठीसोबत वेगळे दिले, ज्याला हवे त्याने लावून घ्यावेत म्हणून.

दोन्ही इमारतींनी सैनिक मिळवायचे प्रयत्न केले. फाटकांवर पाट्या लागल्या. एक दूधवाला चौकशी करून गेला; चाळीस वरिष्ठ आहेत हे कळल्यावर त्याने दूध द्यायचंही बंद केलं. शेवटी दोन्ही राज्यांनी तह केला आणि अठ्ठ्याहत्तर महासेनापतींचं एकच बलाढ्य लष्कर उभं राहिलं. खेळाच्या यादीत ते पहिल्या क्रमांकावर आहे. नदीपलीकडचं तेवीस माणसांचं खोरं आता नव्वदांवर गेलंय, पण ते यादीत नाही, कारण तिथे सेनापतीच नाही.

कपडे तर सगळ्यांनाच शिवावे लागतात. हळूहळू दोन्ही इमारतींतली माणसं कोपऱ्यावरच्या दुकानात येऊ लागली. काजं करता करता मास्तरांची बायको ही गोष्ट सांगते, नावं न घेता. अध्यक्षांनी ऐकली तेव्हा ते पोट धरून हसले, मग गंभीर झाले आणि म्हणाले, "अगदी खरं आहे हो वहिनी. आमच्या ऑफिसात माझी गत त्या मास्तरासारखीच. वर नुसते हुकूम सोडणारे, आणि राबणारा मी एकटा." दातांचे डॉक्टर हेच म्हणाले. गायनाच्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. सचिवांनी तर घरात आपलीच अवस्था प्रजेची आहे, असं लेखी द्यायची तयारी दाखवली.

आजवर अठ्ठ्याहत्तर जणांनी ही गोष्ट ऐकली आहे आणि अठ्ठ्याहत्तर जणांना तिच्यातला मास्तर म्हणजे आपणच असं वाटलं. स्वतःतला सेनापती अजून एकालाही दिसलेला नाही. आता तुम्हीही वाचलीत. तुम्ही कोण, हे विचारायची गरज नाही. वाचताना तुम्ही मान कुठे डोलावलीत ते आम्हाला ठाऊक आहे. तेव्हा लष्करी सामर्थ्यात शंभर गुणांची वाढ झाली असून आता एकूण सेनापती एकोणऐंशी.